मन लागत नाई व ताई!

मागच्या पावसाळ्यात आमच्या महिला मंडळाने मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात आरोग्य शिबिर घेतलं होतं. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. वजन, रक्तदाब झालं की शेवटी एक प्रश्न होता : 'आपणांस नैराश्य जाणवते का?' उत्तर हो किंवा नाही.

पन्नाशीच्या एक मावशी समोर बसल्या. मी प्रश्न वाचून दाखवला. "नाई," त्या म्हणाल्या. मीही 'नाही' लिहून मोकळी झाले. फॉर्म बाजूला ठेवताना सहज विचारलं, "मावशी, जेवणखाण बरोबर आहे ना?"

"काईच गोड लागत नाई व ताई. कामात मन लागत नाई. रातभर इचार येतेत, डोकं भनभन करते. सकाळी उठावंच वाटत नाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. आठ-नऊ महिने ही बाई झुरत होती आणि मी कागदावर 'नाही' लिहिलं होतं! मावशी काही खोटं बोलल्या नव्हत्या. 'नैराश्य' हा शब्दच त्यांच्या घरातला नव्हता.

मैत्रिणींनो, बी.ए.ला माझा विषय मराठी होता. खिन्न, विषण्ण, उद्विग्न, व्यथित असे कितीतरी शब्द मी परीक्षेत लिहिले. पण हातपंपावर किंवा निंदणाच्या पातीवर यातला एक तरी शब्द कुणाच्या तोंडी ऐकलाय का तुम्ही? तिथे असतं ते 'मन लागत नाई', 'जीव घाबरते', 'अंग जड झालं'. आणि हल्ली सगळ्यांवर एकच पांघरूण म्हणजे 'टेन्शन'! शेजारच्या आपा म्हणतात, "दिल घबरा रहा है." शब्द वेगळे, पण दुखणं तेच.

शब्दांच्या पोटात शिरलं की मोठी गंमत कळते. आपला 'उदास' संस्कृतातून आला. त्याचा मूळ अर्थ बाजूला बसलेला, अलिप्त. लग्नघरात सगळ्या बाया हसत-खिदळत असताना एखादी कोपऱ्यात बसलेली असते ना, अगदी तश्शी! इंग्रजीतला 'मेलँकली' हा शब्द ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ काळं पित्त. शरीरात काळं पित्त वाढलं की माणूस दुःखी होतो, असं ते लोक मानायचे. आपल्याकडेही मन बिघडलेली बाई 'पित्त झालं' म्हणून आडवी होतेच की! आणि 'डिप्रेशन' म्हणजे मुळात खाली दाबलं जाणं. मावशींचं 'उठावंच वाटत नाई' यापेक्षा वेगळं काय सांगतं?

पण प्रत्येक उदासी हा आजार नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. पोर्तुगीजांनी 1510 ते 1961 गोव्यावर राज्य केलं. त्यांच्या भाषेत 'सौदाद' असा एक शब्द आहे. दूर गेलेल्या माणसाची, गावाची ओढ, त्यात दुःखही आणि गोडवाही. त्याला इंग्रजीत नेमका शब्द सापडत नाही म्हणतात. मला वाटतं, आपल्या 'हुरहुरी'ला तो कळेल. नव्या नवरीला सासरी दिवेलागणीच्या वेळी माहेर आठवतं, ती हुरहूर. तिला औषध नको, माहेरचा एक फोन पुरतो. मावशींचं मात्र तसं नव्हतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज मन खाली असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. थकवा रक्त कमी असल्याने किंवा थायरॉइडमुळेही येतो. घाबरं होणं हृदयाचंही असू शकतं. म्हणून तपासणी दोन्हीची हवी.

आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. म्हणजे फार विचार करणं. आपलं 'लई इचार येतेत' जसंच्या तसं! डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली तिथे 14 आजीबाईंना हाताशी धरून एक काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात बाक ठेवायचं आणि आजीने त्यावर बसून माणसाचं ऐकून घ्यायचं. आधी त्याला 'मानसिक आरोग्याचं बाक' म्हटलं, तर लोक बसायला कचरायचे. मग नाव झालं 'मैत्रीचं बाक', आणि लोक येऊ लागले. बघा, एका शब्दाने केवढा फरक पडतो!

इतकं लांब कशाला, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घराघरांत पाठवलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी शंभरात जेमतेम 4 होते, ते 27 झाले. औषध तर आधीही होतं. दारापर्यंत जाऊन विचारणारं माणूस मात्र नव्हतं.

2006 साली केंद्र सरकारने विदर्भातल्या 6 जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला बुलडाणाही होता. कर्ज, व्याज, सिंचन, बियाणं या सगळ्याला सरकारी कागदात शब्द असतो. पण घरातल्या बाईचं न लागणारं मन कोणत्या रकान्यात लिहिणार?

त्या दिवशी मी 'नाही' खोडलं आणि मावशींना डॉक्टरांपुढे नेलं. नंतर त्यांच्या सुनेला सोबत घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता भाकर गोड लागते व ताई." मला दुसरा रिपोर्ट नको होता.

आमच्या मंडळाने आता तो प्रश्न बदलला आहे. आम्ही विचारतो : जेवण गोड लागते का? झोप लागते का? कामात मन लागते का? मनातलं सांगायला घरात कोणी आहे का? तुम्हीही जावेला, शेजारणीला, माहेरी आलेल्या नणंदेला हे विचारून पाहा. आणि 'जगून काय करू' असं कुणी म्हणालं, तर 'काहीतरीच बोलतेस' म्हणून उडवून लावू नका. तिच्याजवळ बसा, तिला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. 2022 पासून सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा सुरू आहे. नंबर 14416, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

फोनवर 'नैराश्य' म्हणायची काही गरज नाही. 'मन लागत नाई' एवढं सांगितलं तरी चालतं.