ज्येष्ठतेच्या यादीतील आयुष्ये

१९१९ च्या जुलै महिन्यात, न्यूयॉर्कच्या आसमंतात दाट धुके असताना टपालाचे विमान नेण्यास दोन वैमानिकांनी नकार दिला, तेव्हा अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांना बडतर्फ केले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम बंद ठेवले. वैमानिकाच्या पोटाचा आणि प्राणाचा प्रश्न एकच आहे, ही जाणीव त्या पेशात अशी आरंभीच उमटली. आणि पुढे त्याच्या मुशाहिऱ्यावरून जे तंटे आणि निवाडे झाले, त्यांच्या मुळाशी वरिष्ठांच्या लहरीपासून सुटण्याची धडपड प्रामुख्याने होती.

१९३१ मध्ये डेव्हिड बेन्की यांच्या पुढाकाराने वैमानिकांची संघटना उभी राहिली आणि १९३४ च्या मे महिन्यात राष्ट्रीय श्रम मंडळाने वैमानिकांच्या वेतनाबाबत आपला ८३ क्रमांकाचा निवाडा दिला. विमाने वेगवान होत चालली होती. केवळ तासांवर मोबदला धरला असता, तर तेच अंतर कमी वेळात कापणाऱ्याचे उत्पन्न घटले असते आणि वेगाचा सारा लाभ मालकाच्या पदरी पडला असता. म्हणून मंडळाने सेवेच्या वर्षांनुसार चढणारे मूळ वेतन, विमानाचा वेग आणि दिवस-रात्र पाहून ठरणारा ताशी दर, व शिवाय मैलांचा हिशेब, अशी तिहेरी रचना केली आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. थकल्या माणसाच्या हाती विमान देऊ नये, हे तत्त्व वेतनाच्या दप्तरात नोंदले गेले, म्हणून मला हा निवाडा फार मोलाचा वाटतो.

पुढील करारनाम्यांनी ज्येष्ठतेची यादी रूढ केली. रुजू झाल्याच्या तारखेवरून ज्याचा त्याचा क्रमांक ठरला, आणि कोणते विमान, कोणते आसन, कोणते ठाणे, कोणती रजा, हे सारे त्या क्रमांकावर सोपविले गेले. वशिल्याला जागा उरली नाही, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पुढच्या महिन्याच्या फेऱ्यांची मागणी नोंदविताना वरच्या क्रमांकाचा कॅप्टन नाताळ घरी मागून घेतो, आणि तळाचा सहवैमानिक राखीव म्हणून, विमानतळाजवळच्या भाड्याच्या खोलीत चार-सहा जणांसमवेत खाट मांडून, दूरध्वनीकडे कान लावून पडून राहतो. त्यातून बहुतेक ठिकाणी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचाच काळ मोबदल्याच्या तासांत धरला जात आला. हवामानाचे कागद वाचणे, विमानाभोवती फिरून पाहणी करणे, खोळंबलेल्या फेरीची वाट पाहणे, हे सारे त्या हिशेबाबाहेरचे. आणि दुसऱ्या कंपनीत जावे म्हटले, तर वीस वर्षांच्या अनुभवासह पुन्हा शेवटच्या क्रमांकावर उभे राहावे लागते. संरक्षणासाठी उभारलेली तटबंदी अशी कैदेचीही झाली.

१९७८ मध्ये अमेरिकी सरकारने भाड्यांवरचे आणि मार्गांवरचे नियंत्रण उठविले, तेव्हा स्पर्धेत वेतनांवर घाला आला आणि या कैदेची खरी किंमत कळली. १९८३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नव्या भरतीसाठी वेगळी, खालची वेतनश्रेणी आणली. तशीच श्रेणी युनायटेड एअरलाइन्सने मागितली, तेव्हा १९८५ मध्ये तिचे वैमानिक २९ दिवस संपावर गेले. २००१ नंतरच्या दिवाळखोऱ्यांत तर निवृत्तिवेतनेही बुडाली. हडसन नदीत विमान सुखरूप उतरवून १५५ जणांचे प्राण वाचविणाऱ्या कॅप्टन सलनबर्गर यांनी २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे आपली कैफियत मांडली: वेतन ४० टक्के कापले गेले आहे आणि निवृत्तिवेतन संपल्यात जमा आहे.

त्याच महिन्यात बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० माणसे दगावली. त्यातील सहवैमानिक तरुणीचे नेमणुकीचे ठाणे नेवार्क, आणि राहणे सिअॅटलकडे आईवडिलांपाशी. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून देश ओलांडून कामावर आली होती. तिचे वार्षिक वेतन १६,००० डॉलर असल्याचे सुनावणीत निघाले. कंपनीने ते अधिक असल्याचे सांगितले. चौकशीने मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या हाताळणीला दिला, तरी दोघांच्या थकव्याची नोंद केलीच. एवढ्या मिळकतीत नेवार्कजवळ बिऱ्हाड थाटणे कोणास शक्य होते, हा प्रश्न मला त्या अहवालाइतकाच गंभीर वाटतो.

कंपन्यांच्या विलीनीकरणात यादीवरून भाऊबंदकीच माजली. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांच्या याद्या एकत्र करणारा लवादाचा निवाडा २००७ मध्ये आला. त्यात सतरा वर्षे सेवा झालेले यूएस एअरवेजचे वैमानिक अमेरिका वेस्टच्या नवागतांच्या पंक्तीत बसले, आणि चिडून त्यांनी जुनी संघटनाच सोडली. आपल्याकडे त्याच वर्षी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, आणि समान वेतनासाठी २०११ मध्ये व ड्रीमलायनर या नव्या विमानाच्या प्रशिक्षणाच्या हक्कासाठी २०१२ मध्ये जे संप झाले, त्यांत मुंबईच्या कित्येक घरांनी हीच झळ सोसली.

२००७ च्या अखेरीस अमेरिकेत निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले, आणि उजव्या आसनावरच्या सहवैमानिकांची बढती पाच वर्षे पुढे गेली. कोविडच्या महासाथीनंतर वैमानिकांचा तुटवडा पडल्यावर मात्र पारडे फिरले: २०२२ मध्ये लहान कंपन्यांनी सहवैमानिकांचे दर भराभर वाढविले, २०२३ च्या मार्चमध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत सुमारे ३४ टक्के वाढ देणारा करार मंजूर केला, आणि अन्य मोठ्या कंपन्यांनी त्याचे अनुकरण केले. ज्येष्ठतेची यादी मात्र त्या करारातही जशीच्या तशी कायम राहिली.