घरचेच जंतू फितूर होतात तेव्हा

मे महिन्यातली लग्नं आपल्या मराठवाड्यात कशी होतात, ते तुम्हाला मी काय सांगावं! ऊन मी म्हणत असतं, एसटीत पाय ठेवायला जागा नसते, आणि मांडवात पाहुण्यांचं करता करता आपल्याला घोटभर पाण्याचीही आठवण राहत नाही.

अशाच एका लग्नाला माझ्या थोरल्या जाऊबाई लातूरहून नांदेडला आल्या. अहमदपूर, लोहा करीत गाडीला तीन-साडेतीन तास लागतात. वाटेत जायची पंचाईत नको, म्हणून बाईंनी सकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं. मग हळद, लग्न, पंगती. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "अगं, उन्हाळी लागली बघ. लघवीला नुसती आग व्हायली. कुणाला बोलू नकोस."

मग मी तेच केलं, जे तुम्हीही केलं असतं. धने-जिऱ्याचं पाणी दिलं. जरा बरं वाटलं. कपाटात मुलाच्या घशासाठी आणलेल्या गोळ्या उरल्या होत्या. "जंतूंवरच्याच आहेत ना," म्हणून त्यातल्या चार दिल्या. आग थांबली, जाऊबाई लातूरला परतल्या आणि मी स्वतःवर खूष झाले.

आठव्या दिवशी फोन आला. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला कळा, उलट्या. जंतू मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. त्या चार गोळ्या मीच दिल्या होत्या, हे अजून मनातून जात नाही. म्हणूनच आज हे लिहायला बसले.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कुठून लागले हो हे जंतू? पाण्यातून की प्रवासातून?" त्या म्हणाल्या, "कुठूनच नाही. त्यांच्याच पोटातले आहेत."

ऐकून नवल वाटलं ना? पण आपलं शरीर म्हणजे मोठं एकत्र कुटुंबच आहे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू राहतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या शरीरातल्या पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच! त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. तिथे ते अन्नाचा उरलासुरला भाग पचवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, आणि जागा अडवून बसल्यामुळे बाहेरच्या वाईट जंतूंना थारा देत नाहीत.

यांपैकीच एक ई. कोलाय. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शीमध्ये तो शोधून काढला, आणि पुढे त्यांचंच नाव त्याला मिळालं. आतड्यात असेपर्यंत हा बिचारा बहुधा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तो लघवीच्या मार्गात शिरला, की तोच शत्रू होतो. साध्या मूत्रमार्गाच्या दुखण्यात दर चार बायकांपैकी निदान तिघींच्या बाबतीत हाच गुन्हेगार असतो. काही ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे आकडे असतात. त्यांनी ते मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट धरून बसतात.

हे बायकांनाच अधिक का? पुरुषाची मूत्रनलिका सुमारे २० सेंटिमीटर, आपली जेमतेम ४. शिवाय तिचं तोंड गुदद्वाराच्या अगदी जवळ. तेव्हा मैत्रिणींनो, उन्हाळी लागली म्हणजे बाई अस्वच्छ किंवा तिच्या वागण्यात काही खोट, असं मुळीच नाही. ही देहाची ठेवण आहे. लाजून लपवण्यासारखं यात काहीच नाही.

मग रोज का होत नाही हे दुखणं? कारण राखणदार आहेत. पहिला राखणदार म्हणजे पाणी. भरपूर लघवी झाली की वर चढू पाहणारे जंतू धुऊन निघतात. पाणी कमी प्यायलं, लघवी तासन् तास दाबून धरली, की त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. सारं काही मनासारखं असलं तर ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. आता जाऊबाईंच्या प्रवासाचा हिशेब तुम्हीच करा!

दुसरा राखणदार म्हणजे योनिमार्गातले मित्रजंतू. दह्यातल्या जंतूंच्याच कुळातले म्हणा ना! ते आम्ल तयार करतात आणि परक्यांना टिकू देत नाहीत. जंतुनाशक औषध पाण्यात घालून आतून धुण्याची सवय असेल, तर ती आधी सोडा. त्यानं हेच मित्र मरतात. पाळी गेल्यानंतरही ते कमी होतात, म्हणून त्या वयात हे दुखणं पुन्हा पुन्हा येतं. त्यावर डॉक्टरांकडे वेगळे उपाय आहेत, तेव्हा "वयच झालं" म्हणून सोसत बसू नका.

आणि त्या चार गोळ्यांचं काय झालं? गोळी नेमकी नव्हती आणि पुरतीही नव्हती. दुबळे जंतू मेले, चिवट तेवढे उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. त्याहून वाईट म्हणजे औषधाला दाद न देण्याची युक्ती हे जंतू एकमेकांना देऊ शकतात. म्हणजे आज पोटात गुण्यागोविंदाने नांदणारा जंतूही उद्यासाठी हत्यार घेऊन बसलेला असतो. काही महत्त्वाची प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि दुकानदारानं त्यांची नोंद ठेवावी, असा नियम २०१४ पासून आहे. पाकिटावरची उभी लाल रेघ पाहिली असेल ना? ती ओळखा, हे सांगण्याची मोहीम सरकारनं २०१६ मध्ये काढली. ती रेघ दिसली की समजावं, ही गोळी शेजारणीला उसनी द्यायची नाही.

२०१६ म्हटलं की लातूरकर बाईला दुसरंच काही आठवतं. मांजरा धरण आटलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी! त्या दिवसांत घरात आलेली घागर आपण कुणाकुणाला पुरवली आणि शेवटी आपल्या वाट्याला किती पेले आले, आठवून पाहा बरं. टंचाई सरते, पण स्वतःपुरतं पाणी तोडायची सवय मात्र अंगात मुरून राहते.

पाण्याचा गुण नुसता सांगोवांगीचा नाही. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायकांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त घेतलं, त्यांचं दुखणं वर्षभरात निम्म्यावर आलं. लघवीचा रंग फिकट राहील इतकं पाणी प्यावं, हे सोपं माप. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणखी चार गोष्टी मुलींनाही सांगून ठेवा. धुताना हात पुढून मागे न्यावा. लघवी दाबून धरू नये. पतिपत्नींच्या संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. औषध दिलं असेल तितके दिवस, डॉक्टर सांगतील तसंच घ्यावं.

धने-जिऱ्याचं पाणी जरूर घ्या, त्यानं पोटात पाणी तरी जातं. पण ते जंतू मारत नाही. आग एक-दोन दिवसांत थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. लघवीची तपासणी सांगितली तर ती औषध सुरू करण्याआधी द्या, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. थंडी वाजून ताप, पाठीत कळ, उलटी किंवा लघवीतून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईनं तर साधी आगही अंगावर काढू नये. कधी कधी तिला काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असतात आणि बाळ दिवसांआधी येण्याचा धोका राहतो. म्हणूनच गरोदरपणात लघवी तपासतात.

जाऊबाई आता ठणठणीत आहेत. परवा पुन्हा नांदेडला आल्या, तेव्हा पिशवीतून पाण्याची बाटली काढून दाखवली, अर्धी संपलेली. म्हणाल्या, "अहमदपूरला उतरून जाऊन आले बाई. कंडक्टरला म्हटलं, थांब रे जरा. थांबला की!"