ग्रीन कार्डाची रांग

अमेरिकेत नोकरीस गेलेल्या मुलाचे ‘ग्रीन कार्ड’ अद्याप का येत नाही, असे पुष्कळ मराठी घरांतून विचारले जाते. कोणी कचेरीच्या दिरंगाईला बोल लावतो, कोणी नशिबाला. आम्हांस वाटते, आधी यामागचे गणित पाहावे.

१९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे मिळणारी ही कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० ठरविली. त्यांतच बायकामुलेही मोजली जातात. शिवाय एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. देश चिमुकला असो वा भारताएवढा, माप एकच!

मग करावे काय? रांगेतील जागा पहिला अर्ज दाखल झाला त्या तारखेने ठरते. कंपनीची विनंती मंजूर झाल्यावर नोकरी बदलली, तरी ती तारीख सहसा टिकते. म्हणून मंजुरीचा कागद जपावा. जोडीदार अन्य देशात जन्मलेला असेल, तर त्या देशाच्या रांगेत उभे राहता येते.

मुलांचे वय मात्र थांबत नाही. एकवीस वर्षे पूर्ण झाली की ती आईबापांच्या अर्जातून गळतात. २००२ च्या कायद्याने विनंती तपासण्यात गेलेले दिवस वयातून वजा होतात. रांगेत गेलेली वर्षे नव्हेत. तेव्हा मुलांच्या शिक्षणाचा व स्वतंत्र परवान्याचा विचार आधीच करावा. रांग आपल्या हाती नाही. पण ‘कार्ड आल्यावर पाहू’ म्हणून सारा संसार खुंटीला टांगू नये, एवढे आपल्या हाती आहे.