एका प्रथिनाची तीन नावे

मराठी शिकविणाऱ्या माणसाकडे लोक तीन कामांसाठी येतात. बारशाला नाव सुचवून घ्यायला, लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासून घ्यायला आणि कुठल्या तरी इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द मागायला. पहिली दोन कामे मी एका कप चहात उरकते. तिसऱ्या कामाने मात्र यंदाच्या श्रावणात माझी झोप उडविली.

त्याचे असे झाले. माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात तिचे व्याख्यान ठरले. ‘मराठीतून बोला आणि आजीआजोबांनाही कळेल असं बोला,’ एवढीच सेक्रेटरींची अट. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि मी वाटाण्याच्या शेंगा सोलीत होते तिथेच समोर बसून म्हणाली,

“मावशी, माझ्या प्रथिनाला एक मराठी नाव दे.”

“सध्या त्याला काय म्हणतात?”

“तीच तर पंचाईत आहे. त्याला तीन नावं आहेत.”

मी नकळत आतल्या खोलीकडे पाहिले. तिथे आई खिडकीशी बसली होती. तिलाही तीनच नावे. एक माहेरचे. दुसरे, वडिलांनी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले. आणि तिसरे ‘वहिनी’, ज्या नावाने आमची अख्खी चाळ तिला ओळखीत असे. सत्तरी उलटल्यावर तिची आठवण ओसरू लागली. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. गेली चार वर्षे ती माझ्याकडे आहे. ‘वहिनी’ म्हटलेले तिला कळेनासे झाले, मग सासरचे नाव गेले. आता माहेरच्या नावाने हाक मारली तरच ती मान वळविते. (ती नावे मी इथे देत नाही. छापलेली तिला आवडली नसती.)

“हं, सांग,” मी म्हटले.

भाचीने कॅल्शियमपासून सुरुवात केली. कॅल्शियम म्हणजे हाडांसाठी दूध प्या, यापलीकडे माझी मजल नव्हती. पण हा चुन्यातला पदार्थ शरीरात निरोप्याचेही काम करतो. त्याचा पहिला सुगावा लागला तो एका चुकीमुळे. सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर लंडनमध्ये बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करीत. हृदय छान धडधडत राही. पुढे कळले की मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी साधे नळाचे पाणी वापरले होते! शुद्ध पाणी घेताच हृदय मंदावून थांबू लागले. नळाच्या पाण्यात जो चुना होता, त्यावर सारा खेळ चालला होता. रिंगरसाहेबांनी १८८३ साली ही चूक मोकळेपणाने जाहीर केली. इस्पितळात खाटेशेजारी टांगलेल्या सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ असे आपण वाचतो ना, तेच हे रिंगर. मी आईच्या उशाशी बसून ते नाव कितीदा तरी वाचले होते. ते कुणा माणसाचे नाव असेल असे मनातही आले नव्हते.

पेशी स्वस्थ असते तेव्हा तिच्या आत कॅल्शियम फार थोडे असते. बाहेर त्याच्या सुमारे दहा हजारपट. मेंदूतली पेशी चेतविली गेली की बाहेरचे थोडेसे आत शिरते. तोच निरोप. पण निरोप वाचणारा कुणी तरी हवा. त्यासाठी काही प्रथिनांना चिमटीसारखे हात असतात. आपण अक्षता चिमटीत धरतो, तसे ते कॅल्शियमचा कण धरतात. अशी चिमटी रॉबर्ट क्रेट्सिंगर यांनी कार्प माशाच्या एका प्रथिनात पाहिली आणि १९७३ साली तिचा आराखडा मांडला. तर्जनी आणि अंगठा ताठ धरावा तशी ती रचना आहे म्हणून तिच्या नावात ‘हात’च आहे. आमच्या प्रथिनाला असे चार हात. “चतुर्भुज!” मी म्हटले. “हो, पण पहिला रिकामा. त्यात कॅल्शियम धरवत नाही,” भाची म्हणाली.

आता ती तीन नावे. १९९८ साली बोस्टनमधले काही संशोधक प्रेसेनिलिन नावाच्या प्रथिनाला कोण कोण चिकटते ते शोधीत होते. प्रेसेनिलिनच्या जनुकात दोष असला तर ऐन उमेदीत, चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमर गाठतो, हे १९९५ साली कळले होते. त्यांना चिकटलेले सापडले ते हे प्रथिन. कॅल्शियम आणि प्रेसेनिलिन यांचा संधी करून त्यांनी नाव ठेविले ‘कॅल्सेनिलिन’.

दुसऱ्याच वर्षी माद्रिदमधल्या मंडळींना पेशीच्या केंद्रकात एक प्रथिन दिसले. एका जनुकाच्या आरंभाजवळ ते ठाण मांडून बसे आणि जनुक वाचू देत नसे. कॅल्शियमचा निरोप आला की जागा सोडी. त्याचे नाव पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे, आणि ती अक्षरे जुळून होतो ‘ड्रीम’, म्हणजे स्वप्न. शास्त्रज्ञांनाही यमकांचा सोस असतो तर! ते जनुक असते डायनॉर्फिनचे. डायनॉर्फिन म्हणजे शरीर स्वतःच बनविते ते अफूच्या जातीचे वेदनाशामक. पुढे २००२ साली टोरांटोत हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांना वेदना पुष्कळ कमी जाणवल्या. चालणे, फिरणे, शिकणे मात्र नेहमीसारखे.

आणि २००० साली अमेरिकेतल्या औषध कंपन्यांमधल्या संशोधकांनी पेशीच्या पडद्यातल्या पोटॅशियमच्या दारांशी कोण उभे असते ते पाहिले. सापडली भावंडे, आणि पुढे ती चार भरली. त्यांतल्या तिसऱ्याचे नाव ‘के-चिप-३’. वर्णन जुळवून पाहिले तर काय, बोस्टनचे कॅल्सेनिलिन, माद्रिदचे ड्रीम आणि हे तिसरे भावंड एकच!

“म्हणजे माहेरी एक, सासरी एक,” मी म्हटले, “ज्याने ज्या घरी पाहिलं त्याने तिथलं नाव ठेवलं.”

दारांचे प्रकरण मला सर्वांत आवडले. मेंदूच्या पेशीत पोटॅशियम आत भरपूर, बाहेर कमी, सोडियमचे उलट. चेतना म्हणजे सोडियम धावत आत येतो आणि मग पोटॅशियम बाहेर जाऊन पेशीला पुन्हा शांत करतो. ज्या दारांतून तो जातो त्यांतल्या एकाची घडण रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली उलगडली. त्यांना २००३ साली नोबेल मिळाले. आमच्या प्रथिनाचे दार थोडे निराळे. जरा धक्का लागला की पटकन उघडते आणि आपले आपण मिटते. त्यामुळे पेशीला लागोपाठ भडकता येत नाही. कुणी खांद्यावर हात ठेवून ‘दमाने घे’ म्हणावे तसे. असे एक दार चार फळ्यांचे, आणि प्रत्येक फळीला आतल्या अंगाने एक के-चिप बिलगलेले. ते नसेल तर पुष्कळशी दारे पेशीच्या आतच पडून राहतात, पडद्यापर्यंत पोचत नाहीत. ते असले म्हणजे दारे जागेवर बसतात, मिटायला घाई करीत नाहीत आणि एकदा मिटली की लवकर पुन्हा तयार होतात. याचे हृदयातले भावंड, दुसऱ्या क्रमांकाचे, उंदरांतून काढून टाकले तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके सहज बिघडू लागले. हे २००१ साली दिसले.

शेंगा केव्हाच संपल्या होत्या. जो प्रश्न मी तासभर तोंडात धरून बसले होते तो शेवटी बाहेर पडला.

“मग हे आईला... म्हणजे याचं काही औषध?”

भाची गप्प झाली. आजीची ती फार लाडकी. लहानपणी तिची वेणी आजीच घालीत असे.

“नाही गं मावशी. प्रेसेनिलिनचा दोष घराण्यातून येतो आणि तो फार थोड्या घराण्यांत आहे. आजीचं दुखणं सत्तरीनंतरचं, ते तसलं नव्हे. आणि हे प्रथिन प्रेसेनिलिनला चिकटतं म्हणून ते दुखणं यानेच होतं असंही नाही. नाव ऐकून मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं.”

“काय वाटलं होतं?”

“हेच. तुला वाटलं ते.”

आम्ही दोघींनी टरफले गोळा केली.

मग नावाचा विचार झाला. पोटॅशला शेतकी खात्याने ‘पालाश’ केलेच आहे. नत्र, स्फुरद, पालाश आपण खतांच्या पोत्यांवर वाचतो. तेव्हा मी ‘पालाशद्वारपाल’ सुचविले. भाची इतकी हसली की आई खोलीतून डोकावली. “मावशी, हा तर नाटकातला भालदार वाटतो! शिवाय केंद्रकातलं काम त्यात कुठे आलं?” तेही खरे. ‘चूर्णग्राही’ ऐकून तिला दंतमंजन आठवले. रात्री दहापर्यंत मी सात नावे केली आणि सातही खोडली. प्रत्येकात एक काम येई आणि उरलेली उंबऱ्याबाहेर राहत. अखेर ठरले, तिन्ही नावे तशीच सांगायची, आणि कुठे ठेवली तेही सांगायचे.

व्याख्यानाला आईला पहिल्या रांगेत बसविले. भाचीने चार बोटांच्या चिमट्या करून दाखविल्या, रिंगरसाहेबांच्या नळावर हशा पिकला, आणि तीन नावांपाशी आली तेव्हा समोरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना तांदळाचे ताट आठवले असावे. टाळ्या झाल्या. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “छान बोलते गं. कुणाची मुलगी?”

“आपलीच,” मी म्हटले.

मंडपात प्रसाद वाटू लागले. भाची खाली उतरून आली, आजीसमोर वाकली आणि तिला माहेरच्या नावाने हाक मारली. आईने मान वर केली आणि हातातला अर्धा मोदक तिच्यापुढे धरला.