सोयीची वेळ कधीच येणार नव्हती

रहस्यकथा लिहिणारा लेखक म्हटला की मराठी वाचकाला आधी आठवतो तो वेग. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांची पुस्तकं लायब्ररीतून आणायची, रात्रीतून संपवायची आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणायची, यात आपल्याकडच्या दोन पिढ्या सुखानं वाढल्या. त्यामुळे रहस्यकथा ही झटपट लिहायची आणि झटपट वाचायची गोष्ट, असा एक समज घट्ट होऊन बसला आहे.

या समजाला पार छेद देणारी एक लेखिका इंग्लंडमध्ये होऊन गेली. पी. डी. जेम्स हे तिचं नाव. पुस्तकावरच्या या आद्याक्षरांवरून लेखक पुरुष की बाई, याचा पत्ता लागत नाही. मी त्यांचं पहिलं पुस्तक वाचलं ते खुनी कोण हे शोधण्यासाठी. पुढची वाचली ती मात्र ही बाई माणसांना इतकं आतून कशी ओळखते, या कुतूहलानं. आणि मग त्यांच्या आयुष्याची हकिकत कळली, तेव्हा वाटलं, ही गोष्ट रहस्यकथा न वाचणाऱ्यांनीही, विशेषतः घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बायकांनी, ऐकायलाच हवी.

फिलिस डोरोथी जेम्स यांचा जन्म 3 ऑगस्ट 1920 चा, ऑक्सफर्डचा. वडील प्राप्तिकर खात्यात नोकरीला. तीन भावंडांत फिलिस थोरली. कल्पनेची भरारी लहानपणापासून अशी, की बडबडगीतातला हम्टी डम्टी भिंतीवरून पडला हे ऐकल्यावर हिच्या मनात पहिला प्रश्न आला, तो आपला आपण पडला की त्याला कुणी ढकललं? हा किस्सा त्या स्वतःच पुढे हौसेनं सांगत. केंब्रिजच्या मुलींच्या शाळेत त्या शिकल्या, पण सोळाव्या वर्षी शिक्षण थांबलं. घरात पैसा बेताचा, आणि मुलीनं पुढं शिकून काय करायचं, हा वडिलांचा विचार. (हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांतून ऐकू आलं असेल!) आईला मनाचा आजार जडून रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. घरातलं थोरलेपण या मुलीच्या वाट्याला फार लवकर आलं.

लेखिका व्हायचं, हे मात्र तिनं लहानपणीच मनाशी ठरवलं होतं. शाळा सुटल्यावर काही वर्षं करखात्यात कारकुनी केली, नाटकमंडळीत रंगमंचामागची कामं केली. 1941 मध्ये, ऐन महायुद्धात, कॉनर व्हाइट या वैद्यकीच्या विद्यार्थ्याशी लग्न झालं. दोन मुली झाल्या. धाकटी झाली तेव्हा, 1944 साली, लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडत होते. नवरा डॉक्टर होऊन सैन्याच्या वैद्यकीय दलात गेला आणि युद्ध संपल्यावर परत आला तो मन हरवून. रुग्णालयात जायचं, बरं वाटलं की घरी यायचं, पुन्हा बिघडलं की पुन्हा भरती, असं चक्र सुरू झालं. हा आजार युद्धसेवेमुळे झाल्याचं मानलं गेलं नाही. म्हणून निवृत्तिवेतनही मिळालं नाही.

पंचविशी-तिशीतली बाई, पदरी दोन लहान मुली, नवरा आजारी आणि मिळकत शून्य. आपल्याकडे अशा वेळी सासर-माहेरची माणसं उभी राहतात, तशी तिथंही राहिली. बाई सासू-सासऱ्यांच्या घरी राहिल्या. मुलींना सांभाळायला त्या दोघांचा मोठा आधार झाला. बाईंनी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन रुग्णालय-व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं आणि 1949 मध्ये लंडनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत नोकरी धरली. रोजचा प्रवास, दिवसभर फायली आणि बैठका, घरी आल्यावर मुली आणि सुटीच्या दिवशी नवऱ्याला भेटायला रुग्णालयात जाणं. या वेळापत्रकात कादंबरी कुठं बसवायची?

ती बसली नाही. अशीच वर्षं गेली. मुली जरा मोठ्या होऊ देत, घरचं जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग लिहू. बाई तिशीच्या मध्यावर आल्या, आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की पहिलं पुस्तक सुरू करायला सोयीची अशी वेळ आपल्या आयुष्यात कधीच येणार नाही. आत्ता लिहिलं नाही, तर उद्या नातवंडांना ‘मला खरं तर लेखिका व्हायचं होतं’ एवढंच सांगायची पाळी येईल. या विचारानं त्या चरकल्या. पुढं अनेक मुलाखतींतून त्यांनी हा क्षण सांगितला आहे.

मग त्यांनी काय केलं? नोकरी सोडली नाही, ते शक्यच नव्हतं. पहाटे लवकर उठायला लागल्या. कामावर निघण्यापूर्वीचा जो वेळ हाती लागेल, तो लिहिण्याचा. कथानकाची जुळवाजुळव कामावर जाता-येता डोक्यात. अशा रीतीनं ‘कव्हर हर फेस’ ही पहिली कादंबरी पुरी व्हायला काही वर्षं लागली.

पहिलं पुस्तक रहस्यकथाच का, याचं त्यांचं उत्तर मला फार प्रामाणिक वाटतं. एक तर अशी पुस्तकं खपतात, त्यामुळे नव्या लेखकालाही प्रकाशक मिळण्याची शक्यता जास्त. दुसरं, रहस्यकथेची बांधणी चोख असावी लागते, म्हणून हात बसायला ही उत्तम तालीम. आणि तिसरं कारण खोलवरचं. पहिल्या कादंबरीत बहुतेक लेखक आपलं आयुष्य मांडतात. आपली दुःखं अशी चव्हाट्यावर मांडायची बाईंची मुळीच इच्छा नव्हती. रहस्यकथेच्या चौकटीत त्यांना आडोसा मिळाला. माणसाच्या मनातलं भय, अपराधीपण, विस्कटलेल्या घराची घडी पुन्हा बसवण्याची धडपड हे सगळं त्यांना लिहिता आलं, स्वतःच्या घराची खिडकी न उघडता. त्यांनी घडवलेला पोलीस अधिकारी अॅडम डाल्ग्लिश हा कवी आहे. बायको आणि मूल बाळंतपणात गमावलेला, अबोल माणूस. त्याचं आडनाव बाईंनी घेतलं शाळेतल्या आपल्या इंग्रजीच्या शिक्षिकेचं!

लेखकाच्या धडपडीच्या कथेत पुढचा अध्याय ठरलेला असतो: साभार परत आलेल्या हस्तलिखितांचा. इथं मात्र तो नाही. एलेन ग्रीन नावाच्या एजंट बाईंकडे हस्तलिखित आलं होतं. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजातल्या एका भोजनप्रसंगी त्यांच्या शेजारी बसले होते फेबर अँड फेबर या नामांकित प्रकाशनसंस्थेचे चार्ल्स माँटिथ. विल्यम गोल्डिंगचं, अनेकांनी नाकारलेलं ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ओळखून छापणारे ते हेच संपादक. फेबरचे रहस्यकथा-लेखक सिरिल हेअर 1958 मध्ये निवर्तले होते आणि त्यांच्या जागी माँटिथ कुणाच्या तरी शोधात होते. ग्रीनबाईंनी आपल्याकडच्या हस्तलिखिताचा विषय काढला. पहिल्याच प्रकाशकाकडे पुस्तक स्वीकारलं गेलं. 1962 साली ते प्रसिद्ध झालं, तेव्हा बाई बेचाळिशीला टेकल्या होत्या.

याला कुणी नशीब म्हणेल. भोजनाच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसावं, हे नशीबच. पण ग्रीनबाईंना त्या रात्री काही सांगता आलं, कारण सांगण्याजोगं पुरं झालेलं हस्तलिखित त्यांच्याजवळ होतं. ते हस्तलिखित नशिबानं लिहिलं नव्हतं.

पुस्तक आलं म्हणून बाईंचा दिनक्रम बदलला, असंही झालं नाही. 1963 मध्ये दुसरी कादंबरी आली. 1964 मध्ये नवरा गेला. 1968 साली परीक्षा देऊन त्या ब्रिटनच्या गृहखात्यात गेल्या. तिथं पोलीस आणि गुन्हेविषयक विभागांत त्यांनी काम केलं. आणि इथं या हकिकतीतली मला सर्वात आवडणारी गोष्ट येते. ज्या नोकरीनं लिहिण्याचे तास खाल्ले, त्याच नोकरीनं पुस्तकांना जमीन दिली. दुसऱ्या कादंबरीतला खून होतो तो मनोरुग्णांच्या बाह्यरुग्ण दवाखान्यात. 1971 च्या ‘श्राउड फॉर अ नाइटिंगेल’मध्ये परिचारिकांची प्रशिक्षणशाळा आहे. 1977 च्या ‘डेथ ऑफ अॅन एक्स्पर्ट विटनेस’मध्ये न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. कचेरीतली असूया, बढतीची चढाओढ, चहाच्या वेळची कुजबुज हे त्या पुस्तकांत इतकं खरं उतरतं, कारण ते टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलेलं आहे.

पैसा मात्र फार उशिरा आला. 1979 मध्ये बाई नोकरीतून निवृत्त झाल्या आणि 1980 मध्ये ‘इनोसंट ब्लड’ अमेरिकेत धडाक्यानं खपलं. तेव्हा त्या साठीच्या होत्या. पुढं 1991 मध्ये त्यांना उमराव सभेचं सदस्यत्व मिळालं. डाल्ग्लिशच्या चौदा कादंबऱ्या झाल्या. त्यांतली शेवटची 2008 सालची. 2011 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी आपल्या लाडक्या जेन ऑस्टिनच्या पात्रांना घेऊन एक खुनाची कादंबरी लिहिली. 27 नोव्हेंबर 2014 रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. 1999 साली आत्मकथनपर पुस्तक लिहिलं, तेव्हाही नवऱ्याच्या आजाराचे तपशील त्यांनी उगाळले नाहीत.

आपल्याकडे बायकांच्या सोसण्याचं कौतुक फार. बाईनं सगळ्यांचं केलं, स्वतःचं काही मागितलं नाही, की आपण तिला सोशिक म्हणून गौरवतो आणि मोकळे होतो. जेम्सबाईंच्या गोष्टीलाही असा हार घालणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आणखी आधी सुरुवात करायला हवी होती, अशी खंत खुद्द त्यांनी बोलून दाखवली आहे. जी दहा-पंधरा वर्षं ‘मग लिहू’ म्हणण्यात गेली, त्यांतली पुस्तकं कुणालाच वाचायला मिळाली नाहीत. त्यांचा धीर कामी आला तो पहाटेच्या घड्याळाबरोबर सुरू झाला तेव्हापासून. त्याआधी होतं ते नुसतं पुढं ढकलणं.

कुणाची पेटी माळ्यावर आहे, कुणाचं चित्रकलेचं सामान पलंगाखाली, कुणाची अर्धी लिहिलेली वही साड्यांच्या घडीत. मुलांची दहावी, सासूबाईंचं दुखणं, घराचे हप्ते ही कारणं खरीच असतात. जेम्सबाईंचीही खरीच होती, आणि पुस्तक लिहून झाल्यावरसुद्धा त्यांतलं एकही नाहीसं झालं नव्हतं. फक्त घरातले बाकीचे उठायच्या आत एक बाई आपल्या वहीशी बसली होती. आपल्या घरात असं कुणी बसलेलं दिसलं, तर निदान त्या वेळी तिला चहा मागू नये.