पाणीप्रिय झाडे मान का टाकतात?

उन्हाळा लागला की शिरूर व दौंड तालुक्यांतील परसबागांत एक तक्रार हमखास ऐकू येते. अळू, केळ, कर्दळ ही पाणीप्रिय झाडे भरपूर पाणी घालूनही मान टाकतात. झाड तहानलेले आहे असे समजून घरातील मंडळी आणखी पाणी घालतात. पुष्कळदा त्यामुळेच झाड दगावते आणि लांबून वाहून आणलेले पाणीही वाया जाते. म्हणून पान झुकण्याचे कारण आधी शोधणे अगत्याचे आहे.

पान ताठ राहते ते त्याच्या पेशींत भरलेल्या पाण्यामुळे. पानावरील सूक्ष्म रंध्रांवाटे पाण्याची वाफ बाहेर पडत असते व ती तूट मुळे भरून काढतात. हा जमाखर्च बिघडला की पान झुकते. मातीत पाणी नसणे हे त्याचे एक कारण होय. मातीत पाणी असूनही ते मुळांना घेता न येणे हे दुसरे कारण होय, आणि तेच सहसा ध्यानात येत नाही.

मुळांनाही श्वासोच्छ्वासासाठी हवा लागते. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की मातीतील हवेची जागा पाणी घेते. मुळे गुदमरतात, कुजतात व भोवती पाणी असूनही झाड सुकते. येथे सर्वच पाणीप्रिय झाडे सारखी नाहीत. अळूच्या देठात हवेच्या पोकळ्या असल्याने ते ओलीत तग धरते. केळीस मात्र पाणी भरपूर लागत असले तरी साचलेले पाणी सोसत नाही.

कारण ओळखण्यासाठी पुढील क्रमाने पाहणी करावी.

१) झाड सूर्योदयापूर्वी पाहावे. दुपारी झुकलेली पाने पहाटे पुन्हा ताठ दिसल्यास तो केवळ उन्हाचा व उष्ण वाऱ्याचा परिणाम समजावा. अशा वेळी जादा पाणी न देता बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे. पाचट बुंध्याला मात्र चिकटू देऊ नये.

२) पहाटेही पाने झुकलेलीच असल्यास वीतभर खोल माती काढून मुठीत दाबावी. गोळा होत नसेल तर झाडास पाणी हवे आहे. गोळा होऊन खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे, तेव्हा पाणी देऊ नये. माती चिखलासारखी हातास चिकटत असेल व तिला कुजकट वास येत असेल तर पाणी तत्काळ थांबवावे आणि चर काढून निचरा करावा.

३) थोडी मुळे उकरून पाहावीत. निरोगी कोवळी मुळे पांढरट व टणक असतात. तपकिरी, मऊ व ओढताच साल सुटणारी मुळे कुजल्याची खूण होय.

४) माती वाफशावर असूनही केळीची खालची पाने कडेने पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबू लागली व खोड कापल्यावर आत तांबूस तपकिरी रेषा दिसल्या, तर मर रोगाचा संशय घ्यावा. अशा झाडाचे मुनवे लावणीस घेऊ नयेत व ते मुळासकट काढून नष्ट करावे.

आपल्या भागात क्षारांचाही विचार करावा लागतो. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यातून जातो, तर शिरूर तालुक्यास चासकमान व घोड प्रकल्पांचे पाणी मिळते. कालव्याखाली निचरा नसलेल्या जमिनीत भूजल वर चढते, त्याची वाफ होते व क्षार पृष्ठभागी उरतात. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यासह शेजारच्या नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींवरील अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला होता. मातीतील क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणे कठीण जाते. वाफ्यावर पांढरा थर व पानांच्या कडा करपलेल्या दिसल्यास माती व विहिरीचे पाणी दोन्ही तपासून घ्यावे. निचरा करून गोड्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढावेत. जिप्सम घालावयाचे ते तपासणीनंतरच. धुण्याच्या सोड्याचे पाणी वाफ्यात सोडू नये. त्यातील सोडियममुळे माती चोपण होते.

दौंड तालुक्यातील एका वस्तीवर न्हाणीच्या मोरीशेजारी केळीचे बेट होते. पाने लोंबू लागताच घरातील माउलीने रोज दोन कळशा पाणी वाढविले. बुंध्याशी उकरले तेव्हा काळा चिखल व कुजलेली मुळे निघाली. मोरीचे पाणी दुसरीकडे वळवून चर काढला व वाफसा येईपर्यंत पाणी बंद ठेवले. मूळचे झाड वाचले नाही, परंतु कडेच्या मुनव्यांना नवी पाने फुटली.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मुठीची परीक्षा घरोघरी, विशेषतः परसबाग सांभाळणाऱ्या भगिनींना, प्रत्यक्ष करून दाखवावी. तिला खर्च नाही. कळशी उचलण्यापूर्वी वीतभर माती उकरण्याची सवय लागली, तर झाडही वाचेल व पाणीही.