प्रतिपक्षाला दिलेली दाद

सोलापूरच्या सात रस्त्यावर सकाळी फिरावयास निघालेली वृद्ध मंडळी चहाच्या निमित्ताने थांबतात. त्यांत एक काँग्रेसचा, एक संघाचा आणि एखादा लाल बावट्याचा असावयाचाच. वर्षानुवर्षे ही माणसे हमरीतुमरीवर येतात आणि दुसऱ्या दिवशी तेथेच भेटतात. अलीकडे मात्र त्यांतील एखादी जागा रिकामी दिसते. चौकशी करावी तर प्रकृती ठणठणीत असून केवळ बोलणे बंद झाल्याचे कळते. ही गोष्ट आम्हांस किरकोळ वाटत नाही.

या शहराने याच प्रश्नाचे एक मोठे रूप पाहिले आहे. विडी कामगार स्त्रियांना हक्काचे घर मिळावे म्हणून कॉम्रेड नरसय्या आडम यांनी दीर्घकाळ लढा दिला. त्यातून कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली व २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. पुढे तीस हजार घरांची रे नगर योजना आली. ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापुरात झालेल्या समारंभात आडम मास्तरांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी व तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची जाहीर प्रशंसा केली, आणि मार्क्सवादी पक्षाने त्यांस केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले.

पक्षाची अडचण आम्ही जाणतो. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, आणि व्यासपीठावरची स्तुती भिंतीवरच्या जाहिरातीत जावयास वेळ लागत नाही. तथापि ज्या कामासाठी आयुष्य वेचले ते काम विरोधकाच्या सहीने पुढे सरकले, तर तसे म्हणण्यात तत्त्वच्युती कोणती? १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण मोदींच्याच हस्ते झाले. आणि त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीत मास्तर आपल्या जुन्याच पक्षातर्फे भाजपविरुद्ध उभे राहिले. दाद दिल्याने त्यांचा बावटा काही फिका पडला नाही.

टिळक-आगरकरांची कथा आपण सारेच शाळेत शिकलो, पण ती अर्धीच. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र दिवस काढलेले हे मित्र पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर इतके दुरावले की ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांत शब्दांची अक्षरशः लढाई झाली. जून १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. ज्याने तो वाचावयास हवा होता, तो मात्र उरला नव्हता.

सात रस्त्यावरील त्या रिकाम्या जागेचा धनी सुदैवाने हयात आहे, आणि त्याचे घर फार दूर नाही.